स्टार स्क्रूचं तोंड गेलं. आता काय?

घाटमाथा

मंडळी, मदत हवी आहे. थोड्या शिव्या खायचीही तयारी आहे.

बाबांची १९९४ची यामाहा आरएक्स १०० चार वर्षं पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. आता क्लच प्लेटा एकमेकींना चिकटल्यात. क्लच दाबून गिअर टाकला तरी गाडी पुढे झेप घेते. म्हटलं कव्हर उघडू, प्लेटा साफ करू, रविवार सत्कारणी लागेल. ऑइल काढलं, किक काढली आणि कव्हरचे स्टार स्क्रू काढायला बसलो. पहिले तीन कुरकुरत निघाले. चौथा हललाच नाही. पाचव्याला जोर लावला तर 'कट्' आवाज झाला, स्क्रूड्रायव्हर उसळून बाहेर आला आणि फुलीच्या जागी वाटी झाली. रागाच्या भरात आणखी दोनदा तेच केलं. आता त्या वाटीत मोहरीची फोडणी बसेल.

हत्यार म्हणजे ऑनलाइन घेतलेला ३२ नगांचा सेट, ३४९ रुपये. त्यातल्या ज्या टोकाने हे केलं ते टोकही आता बोथट झालंय, म्हणजे दोघं एकमेकांना घेऊन बुडाले.

प्रश्न दोन. हे दोन स्क्रू कसे काढू? आणि पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून कुठला स्क्रूड्रायव्हर घेऊ? महागाचा खरंच वेगळा असतो की नुसतं नाव?

टेस्टरबहाद्दर

३२ नग?! आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच हत्यार आहे, टेस्टर. स्क्रू त्यानेच, रंगाचा डबा त्यानेच, अडकलेली कडी त्यानेच. फक्त करंट आहे का ते बघायला शेजारून दुसरा आणतो, कारण आमच्याचा दिवा २०११ साली गेला.

शिरोलीकर

घाटमाथा भावा, पहिलं हातातलं खाली ठेव. तोंड गेलेल्या स्क्रूवर परत तोच स्क्रूड्रायव्हर लावणं म्हणजे पडलेल्या माणसाला परत पाडणं. एकदा सरकला की थांबायचं. दुसऱ्यांदा सरकला तर चूक आपली.

आता एक सांग, कितव्या नंबरचं टोक लावलं होतंस? पैज लावतो, दोन नंबर. घरोघरी दोनच नंबर असतोय. पण इंजिनच्या कव्हरचा स्क्रू सहा एमएमचा. चार-पाच एमएमच्या स्क्रूला दोन नंबर, सहाला तीन नंबर. दोन नंबर त्यात जातोय, फिरतोय, थोडा जोरही घेतोय, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण तो नुसता फुलीच्या मधोमध पकडतोय. बाजूच्या भिंतींना टेकतच नाही, मग तोंड जातंय.

तपासायची सोपी रीत: नवीन स्क्रू उभा धर, टोक घाल आणि डावी-उजवीकडं हलवून बघ. खुळखुळला तर तो तुझा नाही. बरोबरचा असला तर स्क्रू टोकावर चिकटल्यागत बसतोय, आडवा धरला तरी लगेच पडत नाही.

घाटमाथा

पैज जिंकलात. दोनच नंबर होता. निघालेल्या स्क्रूचा आटा आत्ता व्हर्नियरने मोजला, ६ मिमीला किंचित कमी. आणि ३२ नगांत तीन नंबर नाहीच! दोन नंबरचे चार आहेत.

भाऊ_वऱ्हाडी

चार दोन नंबर? मंग तर सेट नाही घेतला राजा तुम्ही, दोन नंबरचा धंदा घेतला.

ओसाकातला_सदाशिवपेठी

शिरोलीकरांच्या म्हणण्याला +१, त्यात एक भर घालतो. मी इथे जपानमध्ये राहतो म्हणून हे माहीत झालं, नाहीतर पुण्यात असताना मीही सगळ्या फुल्या सारख्याच समजायचो.

निघालेल्या स्क्रूचं डोकं नीट बघा. फुलीच्या बाजूला कुठे बारीक ठिपक्याएवढा खळगा दिसतो का? असेल तर ती जपानी मानकाची, म्हणजे जेआयएसची फुली. जपानी घडणीच्या बऱ्याच गाड्यांवर ती सापडते. दिसायला फिलिप्ससारखीच, म्हणजे आपल्या नेहमीच्या स्टारसारखीच, पण फिलिप्सच्या टोकाला पात्यांच्या मधल्या कोपऱ्यात गोलाई थोडी जास्त असते. त्यामुळे ते जपानी फुलीत तळापर्यंत बसत नाही. वरच्या वर अडकतं आणि जोर लावला की उसळतं. उलट जपानी टोक फिलिप्समध्ये बऱ्यापैकी चालतं. म्हणून एकच घ्यायचा तर जपानी घ्या.

इथे ओसाकाचीच व्हेसल नावाची कंपनी आहे, १९१६ पासूनची. तिचा एक स्क्रूड्रायव्हर आहे, मागून हातोडी मारली की टोक स्वतःच १२ अंश फिरतं. फक्त सोडवण्याच्या दिशेने. जाम स्क्रूसाठी याच्यासारखं दुसरं काही मी वापरलेलं नाही. पुढच्या महिन्यात येतोय, सांगितलंत तर तीन नंबरचा घेऊन येतो. मोबदल्यात बाकरवडी.

चिकित्सक

एक शंका. फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर ठरावीक जोरानंतर मुद्दामच उसळतो, स्क्रू जास्त आवळला जाऊ नये म्हणून तशी रचना केलीय, असं कॉलेजात शिकवलं होतं. म्हणजे हा दोष नसून गुण आहे ना?

ओसाकातला_सदाशिवपेठी

ही गोष्ट सगळीकडे ऐकू येते. हेन्री फिलिप्सची पेटंटं १९३६ची, आणि त्याच साली कॅडिलॅकच्या कारखान्यात हे स्क्रू लागले. पण त्या मूळ पेटंटांत उसळण्याचा हेतू लिहिलेला नाही. तिथे फायदा सांगितलाय तो टोक आपोआप मधोमध बसण्याचा, म्हणजे यंत्राने भराभर स्क्रू लावता येण्याचा. फुलीच्या भिंती उतरत्या आहेत म्हणून पीळ दिला की टोक वर ढकललं जातं, इतकंच. गुण म्हणा की दोष, घाटमाथांच्या वाटीला काय फरक पडतो?

चिकित्सक

वाटीला नाही पडत, मला पडतो. पण ठीक आहे, मास्तरांवर राग काढतो.

पूर्वा_टोरांटो

कॅनडातून हात वर करते! इथे हा त्रासच नाही. सुतारकामाचे बहुतेक स्क्रू चौकोनी खड्ड्याचे असतात, रॉबर्टसन नावाच्या इथल्याच माणसाने १९०८ साली काढलेले. टोक आत गेलं की बसतंच, एका हाताने स्क्रू डोक्यावर लावता येतो. मुठींचे रंगही ठरलेले, हिरवा एक नंबर, लाल दोन, काळा तीन. हेन्री फोर्डला ते आवडले होते, पण त्याने मागितलेले हक्क रॉबर्टसनने द्यायला नकार दिला, म्हणून जग फुलीकडे गेलं, असं इथे प्रत्येक हार्डवेअरवाला अभिमानाने सांगतो. आपल्याकडे वडापाव कुणी शोधला ते सांगतात ना, त्याच सुरात.

निवृत्त_फिटर

सर्व मुलांनो, थोडं सविस्तर लिहितो. चौतीस वर्षं कारखान्यात काढली, त्यामुळे बोटं चालत नसली तरी तोंड चालतं.

आयटीआयमध्ये आमचे मास्तर म्हणायचे, "बारा आणे दाब, चार आणे पीळ." स्क्रू काढताना माणूस उलटं करतो. सगळी ताकद फिरवण्यात घालतो आणि दाब काहीच नसतो. स्टार स्क्रूला वरून अंगाचं वजन द्यावं लागतं. गाडी स्टँडवर असेल तर ती आडवी होऊ नये म्हणून दुसऱ्याला धरायला सांगा, खाली बसा, मुठीचं बूड तळहाताच्या मधोमध घ्या, खांदा त्याच्या रेषेत आणा आणि मग हळू पीळ द्या. म्हणूनच मूठ जाड हवी. किरकोळ सेटच्या मुठी बोटाएवढ्या असतात, त्यात पीळ येतच नाही.

दुसरं, आधी फुली साफ करा. तीस वर्षांचा चिखल आणि ऑइल त्यात दगडासारखं बसलेलं असतं. टोक तळाला गेलंय असं तुम्हाला वाटतं, प्रत्यक्षात ते मळावर टेकलेलं असतं. सुईने किंवा जुन्या दाभणाने कोरून काढा, घासलेटचा ब्रश मारा. निम्मे स्क्रू एवढ्यावरच निघतात.

तिसरं, ठोका. चांगला बसणारा स्क्रूड्रायव्हर लावून मागून हातोडीचे दोन-तीन नेमके ठोके. कव्हर ॲल्युमिनियमचं, स्क्रू लोखंडी. दोन धातू आणि ओल एकत्र आले की मध्ये पांढरी पूड धरते, तीच स्क्रूला पकडून ठेवते. ठोक्याने ती तडकते. मग तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. डब्यातलं स्प्रे तेल चालेल, पण फवारून पाच मिनिटांत झटापट सुरू करू नका. सकाळी आधी आवळायच्या दिशेने केसभर हलवून बघा, मग सोडवायच्या. आवळताना हलला तर सुटलाच म्हणून समजा.

चौथं, ऊब. हॉट एअर गन असेल तर स्क्रूभोवतीचं कव्हर तापवा, स्क्रू नव्हे. तेवढ्याच उष्णतेला ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे भोक ढिलं होतं. पेट्रोलची टाकी आधी उतरवून लांब ठेवा, आणि स्प्रे मारल्यावर लगेच तापवू नका. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही, आमच्या शॉपमध्ये एकाच्या भुवया गेल्या होत्या.

आता वाटी झालेल्याचं. गोल तोंडाच्या हातोडीने डोक्याच्या कडेकडेने आत ठोकत जा, धातू पुन्हा मध्याकडे सरकतो. मग तीन नंबरचं चांगलं टोक त्यात ठोकून बसवा, ते स्वतःची नवी फुली पाडतं. गेलेलं तोंड अर्धंच असेल तर टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावा. स्पेअर पार्टच्या दुकानात छोटी डबी मिळते. त्यातले खडे पकड देतात.

टेस्टरबहाद्दर

काका, हे प्रिंट काढून टेस्टरशेजारी टांगलं.

गुहागरची_माहेरवाशीण

थोडं अवांतर, पण दुखणं तेच. आमच्या गावच्या घराच्या सागवानी दारांच्या बिजागऱ्या. स्क्रू चपट्या खाचेचे, खारी हवा, वर निळ्या ऑइलपेंटचे सात थर. गेल्या मे महिन्यात एक दार उतरवायचं होतं. सुताराने स्क्रूड्रायव्हर हातात घेतलाच नाही. आधी तुटलेल्या करवतीच्या पात्याने खाचेतला रंग टोकापर्यंत कोरून काढला. मग चुलीत सळई लाल केली आणि एकेका स्क्रूच्या डोक्यावर धरली, मिनिटभर. लाकडाचा वास यायला लागला की पुढच्यावर. गार झाल्यावर बावीसपैकी वीस स्क्रू असे फिरले जसे काल लावलेत. तापला की स्क्रू फुगतो, लाकडात जागा करतो आणि गार होऊन आक्रसतो, असं त्याचं म्हणणं.

पुन्हा बसवताना पितळी लावायचे होते. त्याने आधी त्याच मापाचे लोखंडी स्क्रू आत-बाहेर करून आटे पाडून घेतले, मग पितळी स्क्रू अंगाच्या साबणावर घासून लावले. पितळ मऊ, थेट सागात घातलं तर मान मोडते.

निवृत्त_फिटर

ताई, सुताराला माझा नमस्कार सांगा. चपट्या खाचेला स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेच्या पूर्ण रुंदीचं हवं, आणि टोक पाचरीसारखं निमुळतं नको. निमुळतं टोक वरच्या काठावर चालतं आणि खाच फाडतं. कानशीने दोन्ही बाजू समांतर करून घ्या. ग्राइंडरवर घासलात तर पाण्यात बुडवत राहा. निळं पडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा उतरला, मग ते मेणासारखं वाकतं.

वायरमन_डोंबिवली

अवांतरात अवांतर. मॉड्युलर किचनच्या बिजागऱ्या आणि एमसीबीचे टर्मिनल, यांच्या स्क्रूंवर फुलीच्या चार हातांमध्ये चार बारीक रेघा दिसतील. ती फिलिप्स नाही, पोझिड्राइव्ह. तिचं टोक वेगळं, पीझेड म्हणून मिळतं. लोक साधा स्टार लावतात आणि दर दिवाळीला कपाटाचं दार ढिलं झालं म्हणून बोंबलतात. एमसीबीवर हीच चूक म्हणजे ढिलं टर्मिनल, आणि ढिलं टर्मिनल म्हणजे जळकी वायर.

भाऊ_वऱ्हाडी

हे स्टार, ते स्टार, रेघावाला स्टार, ठिपक्यावाला स्टार. आकाशात येवढे नाही भाऊ.

बरं, कामाचं बोलतो. घाटमाथा, कोणीतरी येऊन तुमाले सांगन का 'इझी आउट' घे, मधात भोक पाड, उलटे आटे घालून काढ. स्वस्तातला घेऊ नोका. तो इतका कडक असते का जरा तिरपा झाला की आतच मोडते, अन् मग त्यावर ड्रिलही चालत नाही. माह्या भाच्यानं एका स्क्रूसाठी तो मोडला, मग इंजिन लेथवाल्याकडे नेलं. स्क्रू दोन रुपयाचा, बिल नऊशेचं.

शिरोलीकर

वऱ्हाडी भाऊ लाख बोललात. आणि त्याची गरजच नाही. कव्हरचा स्क्रू असेल तर डोकं उडवा. वाटीच्या मधोमध पंच मारा, तीन एमएमने सुरुवात करा, मग सहा-साडेसहाचं ड्रिल. फुलीच्या खोलीइतकं गेलं की डोकं अंगठीसारखं ड्रिलवर निघून येतंय. आत खोल जायचं नाही! डोकं गेलं की ताण गेला. कव्हर उचला, उरलेला दांडा कव्हरच्या जाडीएवढा वर राहतोय, त्याला ग्रिप प्लायर लावा आणि फिरवा. बहुतेकदा हातानं निघतोय. तोंडाशी कितीही झटापट करा, मूळ अडचण डोक्याखालीच असते.

जुनाबाजार

हत्याराबद्दल कुणीच नीट बोललं नाही. माझं मत:

सेट घेऊ नका. सुटे घ्या. दोन नंबर, तीन नंबर, आणि चपटे दोन मापांत, संपलं. रोजच्या कामाला नाशिकच्या सातपूरची टापारिया पुरते, किमतीच्या मानाने पोलाद चांगलं आहे. जर्मन वेरा, विहा किंवा स्विस पीबी हातात घेतलीत तर फरक कळतो, विशेषतः टोकाची कड. पण घरी वर्षातून चार स्क्रू काढणाऱ्याला तो खर्च म्हणजे हौस. हौसेला मोल नाही, हे मी घरी सांगून थकलो.

बघायचं काय? टोक घडवलेलं स्वच्छ हवं. कडांना क्रोमचा जाड थर साचलेला नको, तो थर पहिल्याच दणक्याला सुटतो. गज मुठीच्या पार मागेपर्यंत गेलेला असेल तर ठोकायला चालतो, नसेल तर मूठ फुटते. मुठीखाली गजाला षटकोनी भाग असेल तर तिथे पाना लावून पीळ देता येतो आणि हात दाबायला मोकळा राहतो. पुण्यात असाल तर बोहरी आळीत जा आणि स्क्रू खिशात घेऊन जा. दुकानातच टोक लावून बघा. दुकानदार हसेल, हसू द्या.

आरएक्सप्रेमी

हे सगळं कशाला? सगळे स्टार काढून एलन बोल्टचं (षटकोनी खड्ड्याच्या बोल्टचं) किट लावा, मी २०१५ पासून लावलंय, एकदाही त्रास नाही.

घाटमाथा

बाबा म्हणतात, गाडी होती तशी दिसली पाहिजे. स्क्रू स्टारचेच.

आरएक्सप्रेमी

बाबांपुढे कोण बोलणार. पण बघा, तोंड पुन्हा जाईल.

शिरोलीकर

बाबांचं बरोबर आहे. आणि एलनचा एक धोका. लांब एलन कीनं गडी दाबून आवळतोय, स्क्रू टिकतोय आणि ॲल्युमिनियममधले आटे जातायत. सहा एमएमला तिथं ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे, म्हणजे कीचा आखूड हात धरून मनगटानं. आटे गेले की हेलिकॉइल, म्हणजे भोकात नव्या आट्यांची तार बसवायची. स्टार निदान आधी ओरडतो तरी.

घाटमाथा

अपडेट. दोन रविवार गेले.

बोहरी आळीत तीन नंबर घेतला आणि ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हरही. निघालेला स्क्रू खिशात नेला होता. दुकानदार हसला नाही. त्याने स्वतःच ड्रॉवरमधून चार टोकं काढली आणि एकेक लावून दाखवलं. तिसरं टोक बसलं तेव्हा स्क्रू खरंच आडवा धरूनही पडला नाही. इतक्या वर्षांत मी हे कधी बघितलंच नव्हतं.

शनिवारी रात्री दाभणाने फुल्या कोरल्या. चौथ्या स्क्रूतून जे निघालं ते बघून बाबा म्हणाले, हा आपल्या ताम्हिणीच्या ट्रिपचा चिखल. दोन-दोन ठोके मारले, तेल सोडलं. रविवारी बाबांनी हँडल धरलं, मी खाली बसलो. इम्पॅक्ट ड्रायव्हर 'सोडा'च्या दिशेला आहे ना ते तीनदा तपासलं, चष्मा लावला, आधी हाताने डावीकडे पीळ धरून ठेवला आणि एकच दणका. काही नाही. दुसरा. टिक् असा आवाज आला, मोडल्यासारखा. मला वाटलं संपलं. स्क्रू अर्धा फेर फिरला होता. पुढे तो बोटांनीच निघाला, आट्यांवर काकांनी सांगितलेली पांढरी पूड.

पाचवी वाटी मात्र बधली नाही. हातोडीने कडा आत घेतल्या, पेस्ट लावली, ऊब दिली. दोनदा प्रयत्न करून थांबलो (एकदाच सरकला, शिरोलीकर!). मग डोकं उडवलं. साडेसहाचं ड्रिल जाताच ते अंगठीसारखं वर आलं. कव्हर निघालं, उरलेल्या दांड्याला ग्रिप प्लायर लावला तर लोण्यातून यावा तसा बाहेर. इतका ढिला की मला स्वतःचीच लाज वाटली.

प्लेटा घासल्या, नवं गॅस्केट टाकलं, नवे स्टार स्क्रू, आट्यांना पुसटसं ग्रीस. गाडी पहिल्या गिअरमध्ये शांत उभी राहते आता. ती अंगठी बाबांनी किल्लीच्या जुडग्यात अडकवलीय.

ओसाकावाले, तरीही तुमचा तो १२ अंशवाला आणाच. बाकरवडी पक्की.

ओसाकातला_सदाशिवपेठी

दोन किलो. तीन नंबरचा आहे, वजन जास्त लागतं.

निवृत्त_फिटर

शाब्बास. ग्रीस लावलंत हे महत्त्वाचं. पुढचा माणूस दुवा देईल.

माधुरी_के

धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. मिक्सरच्या खालचा तो रबरी दातांचा कपलर बदलायचाय. अर्धा तास डावीकडे फिरवतेय, आणखीच घट्ट होतोय.

वायरमन_डोंबिवली

थांबा!! बहुतेक मिक्सरला तिथे उलटे आटे असतात, टेबल फॅनच्या पात्यांच्या बोंडासारखे. प्लग काढा, मिक्सर पालथा करा, खालून मोटरच्या शाफ्टच्या खाचेत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून धरा आणि कपलर घड्याळाच्या दिशेने फिरवा.

माधुरी_के

निघाला! शाफ्ट टेस्टरने धरला. चालतं ना?

टेस्टरबहाद्दर

ताई, मुजरा.